मणके स्वतः पाहून मोजणारा आंद्रेआस व्हेसालियस

मान किंचित खाली घालून मागच्या बाजूने बोट फिरवले, तर खांद्यांच्या वर एक ठळक उंचवटा हाताला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत तो मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका असतो. त्याच्या वर आणखी सहा मणके आहेत. माणसाच्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात आणि जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच. मणका मोठा होतो, लांब होतो, पण एखाददुसरा प्राणी सोडला तर सस्तन प्राण्यांत ही संख्या बदलत नाही.

आज ही माहिती शाळेच्या पुस्तकातही मिळते. पण ती पुस्तकात येण्यापूर्वी कोणीतरी हाडे हातात घेऊन मोजली होती, आधीच्या पुस्तकातले मोजमाप चूक की बरोबर हे पडताळून पाहिले होते आणि चूक दिसली तेव्हा ती उघडपणे सांगितली होती. या कामासाठी जगाने ज्याचे नाव लक्षात ठेवले, त्या आंद्रेआस व्हेसालियसचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे. मी वैद्यकीतला माणूस नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करणारा आहे. पण मोजमाप हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे आणि व्हेसालियसची गोष्ट मला प्रथम आवडली ती त्याच कारणाने.

व्हेसालियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. घराणे पिढ्यान् पिढ्या वैद्यकी करणारे. पणजोबा लूव्हेनच्या विद्यापीठात शिकवत, तर वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करणारे होते. घरात वैद्यकीची जुनी हस्तलिखिते होती. मुलाने उंदीर, कुत्री, मांजरे असे जे मिळेल ते कापून आत काय आहे ते पाहायला लहानपणीच सुरुवात केली. लूव्हेनला लॅटिन वगैरे शिकून १५३३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो वैद्यक शिकायला पॅरिसला गेला.

त्या काळी युरोपात शरीररचना कशी शिकवत, हे जरा सांगायला हवे. वर्गात उंच आसनावर प्राध्यापक बसत आणि पुस्तक वाचत. खाली टेबलावर शव असे. ते कापण्याचे काम न्हावी करत, कारण कापाकापी हे हलके काम मानले जाई. तिसरा एक माणूस काठीने अवयव दाखवी. वाचणारा कापत नव्हता आणि कापणाऱ्याला लॅटिन येत नव्हते. पुस्तकात एक आणि टेबलावर दुसरे असले, तरी ते कोणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. लक्षात आले तरी पुस्तक खरे मानले जाई.

हे पुस्तक म्हणजे गेलेनचे ग्रंथ. गेलेन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, पर्गामम या नगरात जन्मलेला आणि पुढे रोममध्ये नावाला आलेला थोर वैद्य. त्याची बुद्धी आणि मेहनत यांबद्दल शंकाच नाही. पण रोमन जगात माणसाच्या शवाचे विच्छेदन करता येत नव्हते. म्हणून त्याने बार्बरी जातीची माकडे, डुकरे, बैल असे प्राणी कापले आणि माणसाच्या शरीराची रचना पुष्कळशी त्यांवरून मांडली. पुढे तेराशे वर्षे हीच मांडणी माणसाचे शरीर म्हणून वाचली गेली.

आपल्याकडे सुश्रुताने तर प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावे आणि मग थर सोडवत डोळ्यांनी पाहावे, असे सांगून ठेवले होते. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० दिली आहे आणि त्यांत मानेची नऊ. आज प्रौढ माणसाची हाडे २०६ धरतात. कूर्चा, दात यांची गणना कशी करायची यावर आकडा बदलतो, त्यामुळे जुन्या आकड्यांना एकदम चूक म्हणून चालणार नाही. पण स्वतः पाहण्याची ही पद्धत आपल्याकडेही पुढे मागे पडली आणि श्लोक तेवढे पाठ होत राहिले.

पॅरिसमध्ये व्हेसालियसला जाकोबुस सिल्व्हियस आणि अँडरनाखचा गिंथर असे दोन नावाजलेले गुरू लाभले. दोघेही गेलेनचे भक्त. शवविच्छेदन वर्षातून एखाद-दोन वेळाच होई आणि तेही घाईघाईने. व्हेसालियसची भूक त्याने भागणार नव्हती. पॅरिसमध्ये इनोसंट्स नावाची जुनी दफनभूमी होती. तिथे जागा अपुरी पडल्यामुळे जुनी हाडे उकरून त्यांचे ढीग लावून ठेवलेले असत. व्हेसालियस आणि त्याचे मित्र त्या ढिगाऱ्यांत तासन् तास बसत. डोळ्यांना फडके बांधून हातात येईल ते हाड नुसत्या स्पर्शाने ओळखायचे, अशी पैज ते लावत. शहराबाहेर मोंफोकोन या ठिकाणी फाशी दिलेल्यांची प्रेते लटकत असत. तिथेही तो जाई आणि तिथल्या मोकाट कुत्र्यांपासून एकदा तो कसाबसा वाचला.

मणके ओळखायला सर्वांत अवघड. मांडीचे हाड कोणीही ओळखेल, पण चौथा मणका कोणता आणि पाचवा कोणता हे सुटा मणका हातात घेऊन सांगायला सराव लागतो. ती नजर, किंवा ते बोट म्हणा, व्हेसालियसने या ढिगाऱ्यांत कमावले.

१५३६ साली फ्रान्सचा राजा आणि सम्राट चार्ल्स यांच्यात युद्ध पेटले. सम्राटाच्या मुलखातल्या विद्यार्थ्याला पॅरिस सोडावे लागले. तो लूव्हेनला परतला. तिथे घडलेला एक प्रसंग त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. शहराबाहेर एका गुन्हेगाराचे प्रेत खांबाला बांधलेले होते. पक्ष्यांनी मांस खाऊन टाकले होते आणि हाडे नुसत्या स्नायुबंधांवर तगून राहिली होती. व्हेसालियस खांबावर चढला. हातपाय त्याने थोडेथोडे करून घरी नेले. धड साखळीने जखडलेले होते. त्यासाठी तो एका संध्याकाळी मुद्दाम वेशीबाहेर राहिला आणि रात्री ते सोडवून लपवून ठेवले. सगळी हाडे उकळून, साफ करून त्याने सापळा उभा केला. कमी पडलेली थोडी हाडे दुसरीकडून मिळवली आणि विचारणाऱ्यांना हा सापळा पॅरिसहून आणला असे सांगितले.

या फेरफटक्यात त्याच्याबरोबर एक मित्र होता, त्याचे नाव गेम्मा फ्रिसियस. आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे नाव वाचून थांबावेच लागते. जमिनीवर दोन ठिकाणांमधले अंतर मोजून घ्यायचे, तिथून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत सगळ्या मुलखाचा नकाशा करायचा, ही त्रिकोणमितीय मोजणीची पद्धत छापील स्वरूपात मांडणारा पहिला माणूस तोच, सन १५३३. पुढे १८०२ पासून मद्रासहून सुरू झालेली भारताची मोठी सर्वेक्षण मोहीम याच तत्त्वावर चालली. जमीन मोजायला शिकवणारा आणि शरीर मोजायला निघालेला असे दोन तरुण एका खांबाखाली उभे होते.

पुढे व्हेसालियस इटलीत पाद्वा येथे गेला. ५ डिसेंबर १५३७ रोजी त्याला वैद्यकाची पदवी मिळाली आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून तो त्याच विद्यापीठात शल्यक्रिया आणि शरीररचना शिकवू लागला. वयाची तेवीस वर्षे अजून पूर्ण व्हायची होती. आल्या आल्या त्याने एक गोष्ट बदलली. तो उंच आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली. कापणारा, दाखवणारा आणि बोलणारा एकच झाला. विद्यार्थी टेबलाभोवती दाटीने उभे राहू लागले. दुरून पाहणाऱ्यांसाठी तो आकृत्या काढून दाखवी आणि शेजारी सापळा टांगलेला असे.

१५३८ साली त्याने सहा मोठी चित्रपत्रके छापली. सापळ्याची तीन चित्रे यान स्टेफान व्हान काल्कार या चित्रकाराने काढली होती. विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली. पण त्या पत्रकांत यकृताला पाच पाळ्या दाखवल्या आहेत आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक जाळे आहे. हे सगळे प्राण्यांत सापडते, माणसात नाही. म्हणजे पंचविशीच्या आतला व्हेसालियस अजून गेलेनच्याच चष्म्यातून पाहत होता. डोळ्यांसमोर शव असूनही पाठ केलेले दिसत राहते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळायचे नाही.

चष्मा उतरला तो मणक्यांमुळे. जानेवारी १५४० मध्ये बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावले. तिथे त्याने माणसाचा एक सापळा जोडला आणि शेजारी माकडाचा. गेलेनने माणसाच्या कमरेच्या मणक्यांवर हाडाचा एक छोटा उंचवटा वर्णन केला होता. तो माकडाच्या मणक्यावर होता आणि माणसाच्या मणक्यावर नव्हता. गोष्ट बोटाच्या पेराएवढी. पण तिचा अर्थ फार मोठा होता. गेलेनने चूक पाहिले नव्हते, अचूकच पाहिले होते, फक्त ते शरीर माणसाचे नव्हते. मग ज्या ज्या ठिकाणी पुस्तक आणि शव जुळत नव्हते, त्या सर्व ठिकाणांचा उलगडा होऊ लागला.

इथे मानेच्या मणक्यांची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. गेलेननेही मानेचे मणके सातच मानले होते आणि ते बरोबर होते. कारण माकडालाही सातच असतात. संख्या जुळली म्हणून कोणाला संशय आला नाही. फरक होता तो आकारात, उंचवट्यांत, सांध्यांच्या उतारात. आमच्या कामात याची सवय असते. एकूण बेरीज बरोबर येते, पण आतली लांबी-रुंदी वेगळीच असते. बेरीज तपासून भागत नाही, प्रत्येक नोंद जागेवर जाऊन पाहावी लागते.

यानंतर तीन वर्षे व्हेसालियस एका मोठ्या ग्रंथाच्या मागे लागला. पाद्वाच्या एका न्यायाधीशाला त्याच्या कामात रस होता, त्यामुळे देहदंड झालेल्यांची शवे मिळणे सोपे झाले. चित्रे काढली गेली, त्यांचे लाकडी ठसे व्हेनिसमध्ये कोरले गेले आणि १५४२ साली ते ठसे आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी योहानेस ओपोरिनुस या मुद्रकाकडे पाठवले गेले. छपाईवर लक्ष ठेवायला व्हेसालियस स्वतः तिथे जाऊन राहिला. १५४३ साली ग्रंथ बाहेर पडला. मानवी शरीराची घडण असा त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ. साडेसहाशेच्या वर पाने, दोनशेहून अधिक चित्रे, सात भाग. तेव्हा लेखकाचे वय होते अठ्ठावीस. त्याच वर्षी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्ताचा ग्रंथही छापला गेला. आकाश आणि शरीर या दोन्हींचे जुने नकाशे एकाच वर्षी बदलायला लागले.

ग्रंथाची सुरुवात हाडांपासून आहे. घर बांधताना आधी खांब आणि तुळया, मग भिंती, तसेच. मणक्यांना त्यात मोठी जागा दिली आहे. मानेचे मणके वेगवेगळ्या बाजूंनी काढून दाखवले आहेत. आम्ही एखाद्या बांधकामाचा आराखडा, दर्शनी नकाशा आणि छेद असे वेगवेगळे काढतो, तशी ही रीत. चित्रातल्या प्रत्येक भागावर अक्षर आहे आणि त्या अक्षराचे स्पष्टीकरण शेजारी दिले आहे. वाचणाऱ्याने लेखकावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नाही. हाड समोर ठेवावे, चित्र समोर ठेवावे आणि जुळवून पाहावे.

मानेचे पहिले दोन मणके बाकीच्या सर्वांहून वेगळे. पहिला म्हणजे नुसते कडे, त्याला मणक्याचे भरीव शरीरच नाही. डोक्याचे वजन तो पेलतो, म्हणून त्याला आकाश पेलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या अ‍ॅटलासचे नाव मिळाले. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक खुंटा वर येतो आणि त्या कड्यात बसतो. जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरते, तसे डोके पहिल्या मणक्यासह या खुंट्याभोवती फिरते. आपण नाही म्हणून मान हलवतो ती मुख्यतः इथे. हो म्हणून मान डोलावतो ती मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात. डोक्याची कोणती हालचाल कोणत्या सांध्यात होते, यावर व्हेसालियसने गेलेनशी मतभेद नोंदवला. हा प्रश्न त्या काळी इतका गाजला की युस्टाकियो या रोममधल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने गेलेनची बाजू घेऊन डोक्याच्या हालचालींवर स्वतंत्र निबंध लिहिला.

इतर हाडांचेही हिशोब बदलले. गेलेनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा होता. व्हेसालियसने दाखवले की प्रौढ माणसात तो एकसंध असतो. छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग सांगितले जात, ते तीन निघाले. त्रिकास्थीचे तीन सांगितले जात, ते पाच आणि कधी सहा निघाले. पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते अशी समजूत होती. त्याने दोघांच्या बरगड्या मोजल्या, त्या दोन्हीकडे चोवीस भरल्या.

बाझेलमध्ये असताना त्याने देहदंड झालेल्या याकोब कारर नावाच्या माणसाच्या शवाचे जाहीर विच्छेदन केले आणि त्याचा सापळा जोडून तिथल्या विद्यापीठाला दिला. तो सापळा आजही बाझेलच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच्यासमोर उभे राहिले म्हणजे व्हेसालियसने जोडलेले मणके पाहता येतात. मात्र हेही लक्षात ठेवायला हवे की या सगळ्या शवांपैकी कोणालाही कोणी विचारले नव्हते. ते गुन्हेगार होते, गरीब होते, बेवारस होते. आज आपल्याकडे लोक स्वेच्छेने देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. त्या अर्जाचे मोल या इतिहासाकडे पाहिल्यावर अधिक कळते.

ग्रंथ गाजला तसा विरोधही पेटला. सर्वांत जास्त दुखावले ते जुने गुरू सिल्व्हियस. गेलेन चुकला असे म्हणण्यापेक्षा गेलेनच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले असावे, असे म्हणणे त्यांना सोपे वाटले. १५५१ साली त्यांनी व्हेसालियसला वेडा ठरवणारी पुस्तिका काढली. त्याच्या लॅटिन नावात थोडा फेरफार केला की वेडा असा अर्थ होतो, त्याचा त्यांनी उपयोग केला. ज्या गुरूने हाडांची गोडी लावली त्यानेच असे करावे, हे शिष्याला लागले असणार. त्याआधीच, ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर उठलेल्या टीकेने वैतागून व्हेसालियसने आपली पुष्कळशी टिपणे आणि अपुरे लेखन जाळून टाकले होते. त्याचा पश्चात्ताप पुढे त्याला झाला.

विद्यापीठ सोडून तो सम्राट चार्ल्सच्या पदरी वैद्य म्हणून रुजू झाला. घराण्याची परंपराच तशी होती. १५४४ साली त्याने आन व्हान हाम्मे हिच्याशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. दरबारी नोकरीत मान होता, पगार होता, पण शवविच्छेदनाची टेबले नव्हती. सम्राटाबरोबर लढायांत फिरायचे, जखमी सैनिक पाहायचे आणि सम्राटाचे दुखणे सांभाळायचे.

या सम्राटाच्या दुखण्यातून व्हेसालियसचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. चार्ल्सला गाउटचा, आपण ज्याला वातरक्त म्हणतो त्याचा, जुना त्रास होता. त्यावर पूर्वेकडून आलेले एक नवे मूळ दिले जाऊ लागले, ते म्हणजे चोपचिनी. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांनी ती युरोपात पोचली होती. १५४६ साली व्हेसालियसने या मुळाविषयी एक पत्र छापले. त्यात मुळाविषयी थोडे आणि गेलेनच्या चुकांविषयी जास्त असे झाले, कारण टीकाकारांना उत्तर देण्याची संधी त्याने सोडली नाही. त्याच काळात गोव्यात गार्सिया द ओर्ता हा वैद्य राहत होता. १५३४ साली तो इथे आला आणि इथल्या वैद्यांना विचारून, झाडपाला स्वतः पाहून त्याने औषधांवर संवादरूप ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातही चोपचिनीवर एक संवाद आहे. जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांपेक्षा आपण डोळ्यांनी पाहिले ते महत्त्वाचे, ही ओर्ताची वृत्ती व्हेसालियसच्या जातकुळीची. ओर्ता १५६८ साली वारला आणि १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. पुढे १८४२ साली पणजीत वैद्यक-शल्यक विद्यालय निघाले, त्याच परंपरेतले आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय.

१५५५ साली व्हेसालियसने ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. पहिल्या आवृत्तीत हृदयाच्या मधल्या पडद्यातून रक्त कसे झिरपत असेल याचे त्याने आश्चर्य व्यक्त केले होते. दुसऱ्या आवृत्तीत त्याने तशी छिद्रे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून गेलेनच्या मताविषयी शंका आहे, हे स्पष्ट केले. पुढे रक्ताभिसरणाचा शोध लागला, त्याच्या वाटेवरचा हा एक दगड. त्याचा ग्रंथ निर्दोष मात्र नव्हता. डोळ्यातले भिंग त्याने बुबुळाच्या मध्यभागी दाखवले आणि मूत्रपिंडाचे चित्र कुत्र्याचे छापले. दुसऱ्याला माकडाबद्दल बोल लावणाऱ्याकडून हे घडले, हे मान्यच करायला हवे.

१५५६ साली चार्ल्सने सिंहासन सोडले. व्हेसालियसला सरदारकी आणि निवृत्तिवेतन मिळाले. १५५९ साली तो नवा राजा दुसरा फिलिप याच्यामागून स्पेनला गेला. त्याच वर्षी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री क्रीडास्पर्धेत भाल्याची ढलपी डोळ्याजवळ घुसून जखमी झाला, तेव्हा व्हेसालियसला पॅरिसला बोलावले होते. तिथे आंब्र्वाझ पारे हा थोर शल्यकारही होता. राजा वाचला नाही. १५६२ साली स्पेनचा युवराज जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला, त्याच्या उपचारांतही व्हेसालियस होता आणि युवराज बरा झाला.

१५६१ साली पाद्वाच्या फालोप्योने एक छोटे पुस्तक काढले. त्यात व्हेसालियसच्या चुका अतिशय आदराने दाखवलेल्या होत्या. व्हेसालियसने त्याला सविस्तर उत्तर लिहिले. ते छापून होईपर्यंत फालोप्यो मरण पावला होता.

१५६४ साली व्हेसालियस जेरुसलेमच्या यात्रेला निघाला. का निघाला, याबद्दल पुष्कळ कथा पसरल्या. त्याने चुकून जिवंत माणसाचे विच्छेदन केले आणि शिक्षा म्हणून त्याला यात्रेला पाठवले, अशी एक कथा अजूनही सांगितली जाते. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. परतीच्या प्रवासात ग्रीसच्या झांते बेटावर ऑक्टोबर १५६४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. वय पन्नासच्या आत. त्याची कबर आज सापडत नाही. इतरांची हाडे ज्याने इतकी जपली, त्याची स्वतःची हाडे कुठे आहेत हे कोणाला ठाऊक नाही. त्याच्या चित्रांचे मूळ लाकडी ठसे मात्र चारशे वर्षे टिकले. १९३४ साली त्यांवरून नव्याने छपाईही झाली. मग दुसऱ्या महायुद्धात म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले.

व्हेसालियसचे काम आज कुठे उपयोगी पडते, असे कोणी विचारेल. मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करताना स्क्रू बसवायचा तर तो मणक्याच्या अरुंद देठातून न्यावा लागतो. मानेत हा देठ बऱ्याच ठिकाणी पाच-सहा मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या एका अंगाला मज्जारज्जू आणि दुसऱ्या अंगाला मेंदूकडे रक्त नेणारी धमनी, जी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जाते. मज्जारज्जूची पोकळी मानेच्या खालच्या भागात समोरून मागे साधारण सतरा मिलिमीटर असते. तेराच्या खाली आली तर ती अरुंद समजतात. इतक्या थोड्या जागेत एका मिलिमीटरची चूक म्हणजे हातपाय लुळे पडणे. म्हणून सीटी स्कॅनवर प्रत्येक मणक्याची मापे घेतात. भारतीय रुग्णांचे मणके पाश्चात्त्य पुस्तकांतल्या सरासरीपेक्षा पुष्कळदा लहान असतात, असे आपल्याकडच्या डॉक्टरांना मोजणीत आढळले आहे. दुसऱ्याच्या शरीराची मापे याला लावू नका, हा बोलोन्यातला धडा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असा रोज उपयोगी पडतो.

आमच्या खात्यात मोजमापाची एक वही असते, तिला सगळे एम.बी. म्हणतात. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर ती रेघेने छेदायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, म्हणजे आधी काय लिहिले होते तेही दिसत राहते. व्हेसालियसच्या दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत अलीकडच्या काळात उजेडात आली. तिच्या समासांत शेकडो दुरुस्त्या हाताने लिहिलेल्या आहेत आणि ते अक्षर खुद्द त्याचेच आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. तिसऱ्या आवृत्तीची ती तयारी होती. शब्द बदलले आहेत, वाक्ये छेदली आहेत, चित्रांवरची अक्षरे स्पष्ट केली आहेत. ती आवृत्ती निघाली नाही. पण सम्राटाची नोकरी, राजाची नोकरी आणि दूरचे प्रवास यांतून वेळ काढून हा माणूस आपलेच पुस्तक पुन्हा तपासत बसला होता, एवढे त्या समासांवरून कळते.